दोन बोटांचा उतार

फुकट काम करणाऱ्या माणसाला रागावता येत नाही. आमच्या सगळ्या भानगडी तिथूनच सुरू होतात.

पगारी गवंडी उशिरा आला तर घरमालक त्याला चार शब्द ऐकवतो. आमच्यात कोणी उशिरा आला तर आधी आलेले उभे राहून टाळ्या वाजवतात, कारण तो आला हेच विशेष. पगारी गवंड्याने कोपरा वाकडा चढवला तर त्याला तो उतरवायला लावतात. आमच्यात "वा, काय कोपरा आहे" असं म्हणायचं, त्याला पाणी आणायला विहिरीवर पाठवायचं आणि तो परत यायच्या आत कोपरा सरळ करून ठेवायचा. तो आला की पुन्हा एकदा "वा" म्हणायचं. हा दुसरा 'वा' मात्र मनापासूनचा असतो.

आम्ही म्हणजे गोव्यातल्या पेडण्याचे आयतारकार. रविवारला आमच्याकडे आयतार म्हणतात. त्या दिवशी काम करणारे म्हणून आयतारकार. नाव लोकांनी ठेवलं, आणि ठेवताना ते हसत होते. सहा दिवस मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनवणारी यंत्रं दुरुस्त करतो. सातव्या दिवशी जांभ्या दगडाचे चिरे उचलतो. शाळेची संडासं, देवळाच्या पायऱ्या, विहिरींचे कठडे, व्हाळावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, मोऱ्या आणि ज्यांना कोणी बांधून देणारं नाही अशांची घरं, असं आमचं दुकान पंचविसेक वर्षं चालू आहे. मधल्या काळात माझ्या घरचा नळ गळतोच आहे. बायको म्हणते, "मी वेगळी राहायला गेले की माझं नाव तुमच्या यादीत घाला. म्हणजे तरी नळाकडे बघाल."

आमचे नियम थोडे आहेत. पैसे घ्यायचे नाहीत. दहा वाजता घरवाल्यांनी पेज द्यायची, सोबत सुकं किंवा लोणचं. पक्वान्न केलं तर परत पाठवायचं. (हा नियम मोडताना आम्ही नेहमी निषेध नोंदवून जेवलो आहोत.) आणि भिंतीच्या बाबतीत शेवटचा शब्द मेस्त्रीचा.

मेस्त्री म्हणजे सगुणमेस्त्री. आम्हा सगळ्यांत खरा गवंडी तेवढा एकच. बाकी आम्ही हौशी नाटकातल्या मावळ्यांसारखे: वेश बरोबर, तलवार लाकडी. पुंडलिक मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचे, त्यामुळे घमेलं हातात असतानाही प्रत्येक वाक्य दोनदा सांगायचे. बाबलो डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा. एका हाताने चिरा उचलायचा आणि दिवसाला पाच वाक्यं बोलायचा. तिसरा मी. माझ्याकडे नळी होती.

नळीचं सांगायलाच हवं, कारण सगळं महाभारत तिनेच घडवलं. भिंत उभ्यात सरळ आहे की नाही हे ओळंब्याने कळतं. दोरीला टांगलेलं वजन, त्यात फसवाफसवी नाही. पण घराचा एक कोपरा दुसऱ्याच्या पातळीत आहे की नाही, हे बघायला पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी वापरतात. तीत पाणी भरायचं. एका माणसाने एक टोक ह्या कोपऱ्याशी धरायचं, दुसऱ्याने दुसरं त्या कोपऱ्याशी. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं. तिथे खूण करायची आणि खुणेपासून भिंत मोजायची. साधं काम आहे, पण मी ते असं करायचो की बघणाऱ्याला वाटावं, आता नळीतून नागोबा निघणार. नळी उन्हासमोर धरायची, एक डोळा मिटायचा, नखाने टिचक्या मारायच्या. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पाणी खोटं बोलतं, म्हणून ह्या टिचक्या. मी त्या गरजेपेक्षा जास्त मारायचो, हे कबूल करतो.

ही गोष्ट ज्या सालची, त्या साली बाबलोने नळीवरून ट्रक नेला. माझ्या टोकापासून हातभर अंतरावर ती फुटली. मी, यंत्रांचा डॉक्टर, फुटका भाग कापला, मध्ये तांब्याच्या पाइपचा तुकडा घातला आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. जोड इतका देखणा झाला की मी तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो.

त्याच साली आम्ही कोरगावला शारदावहिनीचं घर बांधायला घेतलं. तिचा नवरा दोडामार्गाकडून काजूच्या बागेत कामाला आलेला. तो तापाने गेला. ज्याची बाग त्याने बारा महिने राखली, त्या भाटकाराने घरापुरती जागा तिला दिली, आणि तोंडाने नव्हे, कागद करून दिली. जागेवर झावळ्यांची खोप होती. ती आदल्या पावसात अर्धी बसली होती. वहिनी काजूच्या कारखान्यात गर काढायची. काजूच्या तेलाने बोटं काळी ती काळीच. तिच्या भावाने सांगून ठेवलं होतं: मिरगापर्यंत, पाऊस लागायच्या आत, डोक्यावर कौलं आली नाहीत तर मी टेंपो घेऊन येणार आणि तुला घेऊन जाणार. भाऊ वाईट नव्हता. पण तिकडे गेलं की इथली नोकरी गेली, आणि मग वहिनी जन्मभर भावजयीच्या चुलीपुढची पाहुणी. "भावाचा घर बरा आसा," ती पहिल्या दिवशी आम्हाला म्हणाली, "पण थय मीठ खय ठेवलला ता विचारूक लागता."

मास्तरांनी तिथल्या तिथे शब्द दिला: मिरगापूर्वी कौलं. दोनदा दिला.

शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, पाया आणि जोतं झालं. घर लहान, दोन खोल्या आणि पुढे ओसरीसारखा सोपो. चिऱ्याच्या भिंती मातीत बांधायच्या, वरून फक्त सांध्यांना सिमेंट. भिंती निघायला लागल्या आणि तेव्हा आम्हाला कळलं की सगुणमेस्त्रीला दिसत नाही.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. पण एकदा सिमेंटच्या पोत्यांवर मास्तरांचा सदरा टांगला होता, त्याच्याशी ते बराच वेळ चुन्याबद्दल बोलले, आणि मास्तर आज मध्ये बोलत नाहीत म्हणून फार खूष झाले. एकदा पेजेत लोणच्याऐवजी चिऱ्याचा खडा घेतला. हे आम्ही हसण्यावारी नेलं. पण भिंतीच्या पहिल्याच आयतारी, ते घरी गेल्यावर, मी सहज म्हणून नळी लावली. पूर्वेचा कोपरा दोन बोटं खाली होता.

कामानंतरचा आमचा कार्यक्रम ठरलेला असे. व्हाळात आंघोळ, मग बाबलोच्या मामाच्या काजूभट्टीवर बैठक. एप्रिलचे दिवस, काजूच्या पहिल्या धारेचं ताजं हुर्राक. मास्तर त्यात लिंबूसोडा घालून पचनासाठी घेत. त्यांचं पचन त्या महिन्यांत फारच काळजीचं असे. मागच्या जत्रेच्या नाटकात कोण कुठे अडखळला इथून गप्पा सुरू व्हायच्या आणि मास्तर आपली भूमिका पुन्हा करून दाखवू लागले की उठायची वेळ झाली असं समजायचं. त्या संध्याकाळी मात्र नाटकाचं नाव कोणी काढलं नाही. मेस्त्रीला सांगायचं कसं, एवढाच विषय.

मी म्हटलं, सांगायचंच नाही. आपली पद्धत आहे ना? मेस्त्री घरी गेले की वरचे दोन थर उतरवायचे, पूर्वेकडे दोन बोटं माती वाढवायची आणि पुन्हा चढवायचे. मास्तर म्हणाले, ही दुरुस्ती आहे, अपमान नाही. ही दुरुस्ती आहे, अपमान नाही. बाबलोने दिवसाचं पाचवं वाक्य खर्च केलं: "मेस्त्रीक कळला तर तो थापी व्हाळात उडयतलो आनी काम सोडतलो."

वहिनी बांधकामाशेजारीच, अर्ध्या उरलेल्या खोपीत राहायची, तेव्हा तिला विश्वासात घेणं भाग होतं. मास्तरांनी तिच्यापुढे वृद्धांच्या मानाविषयी छोटं भाषण केलं आणि मेस्त्रीला काही बोलू नकोस असं बजावलं. तिने पदर खोचत मान हलवली. चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, ते आम्ही आदर समजलो.

आणि आमचा क्रम सुरू झाला. दिवसभर मेस्त्री कोपरे लावायचे, आम्ही मधली भिंत भरायचो, तीन थर चढायचे. पाच वाजता ते काठी घेऊन निघाले की "संभाळून जावा हां मेस्त्रीनू" असं सगळे एका सुरात म्हणायचो, ते वळणापलीकडे गेले की मी नळी काढायचो, आणि पूर्वेचा कोपरा दोन बोटं खाली. दर आयतारी तीच दोन बोटं. दोन थर उतरायचे, अंधार पडेपर्यंत त्यातला एक पुन्हा चढायचा. म्हणजे हिशेबाने दोन थर पदरात पडायला हवेत. पण पुढच्या आयतारी यावं तर भिंत एका थरानेच वाढलेली. बाबलोने कोळशाने काजूच्या बुंध्यावर थर लिहून ठेवले. ते जुळेनात तेव्हा मास्तर म्हणाले, हुर्राक पिऊन मोजलं की असंच होतं. बाबलो त्यावर दोन आयतार बोलला नाही.

मे अर्धा सरला. भिंती खिडकीच्या तळाशी जेमतेम पोचल्या. मिरगाला तीन आयतार उरले.

त्या दिवशी दहा वाजता आम्ही पेजेला बसलो. मेस्त्री मध्ये, आम्ही भोवती. वहिनीने सगळ्यांना वाढलं आणि नेहमीसारखी खोपीत न जाता समोर उभी राहिली.

"मास्तरानू, माका एक विचारूचा आसा. तुमच्यात एक भिंत किती वेळा बांधतत?"

मास्तर हसून म्हणाले, एकदाच, वहिनी. एकदाच.

"मगे माझी कित्याक तीनदा?"

मी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी लोणच्याकडे. आणि गंमत म्हणजे मेस्त्रीही एकदम खाली बघू लागले. हे काही मला समजेना. आम्ही चोर होतो. मालकाने मान खाली का घालावी?

वहिनीने मग सगळं सांगितलं, एका दमात, कोणाला मध्ये शिरू न देता. आयतारी सांजेला आम्ही काय करतो ते सांगितलं. मी डोळे मिटून घेतले. आणि मग पुढे सांगितलं. सोमवारी पहाटे, कोंबड्याच्याही आधी, मेस्त्री काठी टेकत येतात. भिंतीच्या डोक्यावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवतात. पूर्वेच्या कोपऱ्याशी आले की जीभ टाळ्याला लावून 'च' करतात. मग आम्ही चढवलेला थर आणि आमच्या ठोकाठोकीत सैल झालेला त्याखालचा, असे दोन्ही उतरवतात आणि त्यांतला एकच पुन्हा लावतात. त्यांना चिरे उचलवत नाहीत, ते वहिनी उचलून देते. तो थर पुरा होत नाही तोवर तिची कारखान्याला जायची वेळ होते. मग उरलेला मंगळवारी. आणि मेस्त्रींनीही तिला बजावलं होतं: पोरांना बोलू नकोस, त्यांच्या हातात काही नाही पण मन चांगलं आहे, ते मोडायचं नाही.

तिला पहिले काही आठवडे वाटलं, फुकट बांधायची हीच रीत असेल. दिलेल्या घराला नाव कसं ठेवणार? म्हणून ती आयतारी आम्हाला मोडायला मदत करत होती आणि सोमवारी मेस्त्रीला.

"तुमी सांगलात म्हणान मी गप रवलंय," ती म्हणाली. "मेस्त्रीनी सांगल्यानी म्हणानही गप रवलंय. पण पावस काय कोणाच्या सांगण्यान गप रवतलो?"

मेस्त्री म्हणाले, "हाड रे रघू ती तुजी नळी."

मी आणली. खोटं कशाला सांगू, आणताना मला मेस्त्रीची दया येत होती. नाटकाच्या शेवटी पुरावा घेऊन दरबारात शिरणाऱ्या माणसासारखा मी शिरलो. माझं टोक पूर्वेला धरलं, बाबलोने पश्चिमेला. टिचक्या मारल्या. सगळ्यांनी बघितलं: दोन बोटांचा फरक. मास्तरांनी हळूच "अरेरे" म्हटलं.

मेस्त्री उठले, चाचपडत माझ्यापर्यंत आले आणि नळी माझ्या हातातून घेतली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहून उपयोगही नव्हता. टोकापासून अंगठा आणि बोट यांच्यात धरून ते नळी खालीखाली चाचपत गेले, माळ ओढल्यासारखे. माझ्या काळ्या पट्टीपाशी थांबले. पट्टी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग तिथे बोटाने जोराचा ठोका दिला, आणि पट्टीखालून दोन बोटं लांबीचा एक जाडजूड बुडबुडा निघाला, माझ्या डोळ्यांसमोरून सावकाश वर चढला आणि नळीच्या तोंडाशी येऊन फुटला. पाणी खाली उतरलं. दोन बोटं.

"हांगा वारो भरलो आसा," मेस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या उजवीकडच्या बाबलोच्या फावड्याकडे, वळून: "डोळे गेले म्हणान हात गेले काय रे?"

भिंत पहिल्या दिवसापासून पातळीत होती. ज्या माणसाला सदरा आणि मास्तर यांतला फरक दिसत नव्हता, त्याच्या तळहाताला दोन बोटांचा उतार कळत होता. आणि मी, टिचक्या मारणारा, दर आयतारी ती वाकडी करत होतो.

आता कारागिरीतली गोष्ट सांगतो, कोणाला तरी उपयोगी पडेल. डोळे चुकतात तेव्हा दर वेळी वेगळे चुकतात. कधी एक बोट, कधी तीन, कधी ह्या बाजूला, कधी त्या. दर आयतारी त्याच कोपऱ्यात तीच दोन बोटं येत असतील तर चूक माणसाची नसते, हत्याराची असते. यंत्रदुरुस्ती हाच माझा धंदा. हे मला झोपेतही कळायला हवं होतं. शिवाय नळीची टोकं अदलाबदल करून पुन्हा बघायचं असतं. तसं एकदा जरी केलं असतं तरी सोंग उघडं पडलं असतं. मी केलं नाही, कारण पूर्वेच्या कोपऱ्यावर काजूची सावली होती, सावलीत वहिनीने ठेवलेली कोकम सरबताची बाल्दी होती, आणि पश्चिमेला ऊन. पगारी माणसाला कोणीतरी उन्हात उभं केलं असतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं. पण बाबलो हसायला लागला. तो कधी हसत नसे. त्यामुळे त्याला थांबायचं कसं ते माहीत नव्हतं. मग मास्तर, मग मेस्त्री स्वतः. पेजेची भांडी आडवी झाली. माफी राहिली ती राहिलीच. मेस्त्री पुढे पुष्कळ वर्षं होते, आमच्याबरोबरच होते, दर आयतारी भेटायचे. पण एकदा हसून गेलेल्या गोष्टीची माफी मागायला मुहूर्त सापडत नाही. ती एक खंत आहे.

हसली नाही ती वहिनी. ती कंबरेवर हात ठेवून आमचं संपायची वाट बघत होती. मग तिने विचारलं, "म्हणजे आता ह्या कोणाचा बरोबर?"

"सोमाराचा," मेस्त्री म्हणाले.

"बरा. मगे आता मोडूचा नाय."

तिथून पुढचे दिवस मी कारखान्याच्या लेखी पाठदुखीने आजारी होतो. चिरे उचलल्यावर पाठ खरंच दुखली, त्यामुळे खोटं असं काही बोललो नाही. मास्तरांना उन्हाळ्याची सुट्टीच होती. बाबलोचा ट्रक अचानक नादुरुस्त झाला. काय बिघडलं ते मी विचारलं नाही, दुरुस्त करायला लागला असता. सोमवार नाही, आयतार नाही, रोज काम. मेस्त्री दर थरावर उघडपणे हात फिरवायचे, आणि 'च' झालं की मोठ्याने नाव घेऊन सांगायचे कोणाचं चुकलं. बहुतेकदा माझंच. एवढे सपाटून रागावलेले मेस्त्री आम्ही कधी पाहिले नव्हते, आणि कामही कधी एवढं झपाट्याने झालं नव्हतं. सहा आठवडे आम्ही एकमेकांचा मान राखत होतो, आणि त्या मानाच्या ओझ्याखाली एका बाईचं घर बसायची वेळ आली होती.

मिरगाच्या आदल्या आयतारी कौलं. कारखान्यातल्या बायका वहिनीने आणल्या होत्या, त्यांची रांग लागली. मेस्त्री खाली एका चिऱ्यावर बसले आणि प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पुढे देऊ लागले. तडा गेलेलं कौल बद्द वाजतं. एकही फुटकं वर गेलं नाही. (मोतीबिंदू त्यांनी त्या पावसाळ्यात काढून घेतला, मास्तरांच्या आग्रहाने. पट्टी सुटल्यावर आम्हा तिघांना नीट न्याहाळून म्हणाले की आवाजावरून तुम्ही बरे दिसत होतात.)

अकराच्या सुमारास भाऊ टेंपो घेऊन आलाच. दारात उतरला, वर बघितलं, अर्धं छप्पर झालेलं. बहिणीला न्यायला आलो हे सांगायला त्याने तोंड उघडलं, पण मास्तरांनी त्याला संधी दिली नाही. टेंपो आलाच आहे तर कौलं कमी पडताहेत, तेवढी एक खेप करा. एक खेप करा. बिचाऱ्याने तीन केल्या. चौथीला स्वतःच विचारलं, अजून काही आणायचं का.

चार वाजता आढ्यावरचं शेवटचं कौल बसलं. वहिनी आत गेली. आम्ही बाहेर सोप्यावर बसलो. आतून चूल पेटवल्याचा धूर आला, मग चहाचा वास. ती कप घेऊन बाहेर आली, सगळ्यांना दिले, आणि पुन्हा समोर उभी राहिली. तिला तसं उभं बघून मी कप खाली ठेवला.

"फुडल्या आयतारी कोणाचा घर?" तिने विचारलं.

मास्तर म्हणाले, पावसात आम्ही बांधत नाही. गणपतीनंतर कारापूरला एकाचं आहे.

"मी येतलंय. चिरे उचलूक येतत माका, मोडूकही येता." ती मेस्त्रीकडे वळली, मग आमच्याकडे. "पण एक अट आसा. माका कोणी काय्येक गुपचूप सांगूचा नाय."

आम्ही चौघांनी कबूल केलं. मोठ्याने.